ऑपरेशनच्या अलीकडे आणि पलीकडे

मुलीला पाळी साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी येते आणि आपल्याकडे ती सरासरी 46-47 च्या सुमारास थांबते. म्हणजे बत्तीस-तेहतीस वर्षं. सोलापूरच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या बाईच्या या वर्षांचा हिशेब बऱ्याचदा असा असतो: विशीच्या आसपास लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणं, पंचविशी-सव्विशीत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. मग रजिस्टरमध्ये ‘संरक्षित’ म्हणून नोंद होते आणि तिच्याकडे कुणी फिरकत नाही. ऑपरेशन ही सेवा आपण नीट बसवली, पण त्याच्या अलीकडची पाचेक आणि पलीकडची वीसेक वर्षं उघडी ठेवली, असं माझं मत आहे.

कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने 1952 मध्ये सुरू केला, जगात सर्वांत आधी. आज काय चित्र आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदीचा आकडा 0.3 टक्के. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने पाहिलं तर हे उलटं असायला हवं. बाईचं ऑपरेशन टाक्याचं असो की दुर्बिणीचं, पोटाच्या आत जावं लागतं. पुरुषाचं बिनटाक्याचं असतं, जागा बधिर करून एका बारीक छिद्रातून होतं आणि तो त्याच दिवशी घरी जातो. ‘मग लूमवर बीम कोण उचलणार?’ ही भीती खरी वाटते, पण तिला आधार नाही. पुरुषी ताकद ज्या टेस्टोस्टेरॉनवर चालते ते थेट रक्तात उतरतं. कापलेल्या नळीतून फक्त शुक्रजंतू जात असतात. पथ्य एकच महत्त्वाचं: पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, कारण आधीचे शुक्रजंतू नळीत शिल्लक असतात.

आता अलीकडची वर्षं. एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यात किमान दोन वर्षांचं अंतर असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदरपण आणि अंगावर पाजणं यात आईच्या शरीरातलं लोह खर्ची पडतं, ते भरून यायला वेळ लागतो. त्याच सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे बहुतेकींची सुरुवातच तुटीतून होते. अंतर चुकतं ते बहुधा एका ठरावीक ठिकाणी. ‘अजून पाजतेय, पाळी आलेली नाही, काही होत नाही’ हे पहिल्या सहा महिन्यांत खरं असतं, तेही बाळ रात्रंदिवस फक्त अंगावरच असेल तर. वरचं खाणं सुरू झालं की भरवसा संपतो. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात.

इथे तांबी कामाची. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत, दवाखान्यात असतानाच ती बसवता येते. वेगळा खाडा नको. सरकारी दवाखान्यात ‘380ए’ ही दहा वर्षांची आणि ‘375’ ही पाच वर्षांची मिळते. आकडे तांब्याच्या उघड्या पृष्ठभागाचे आहेत, चौरस मिलिमीटरमध्ये. त्या पृष्ठभागावरून तांब्याचे आयन सावकाश सुटत राहतात, शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि बीजाशी गाठच पडत नाही. वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत. ‘वर चढून काळजाला लागते’ ही गोष्ट मात्र सगळीकडे ऐकू येते. बसवताना गर्भपिशवीला छिद्र पडू शकतं, पण हजारात एखाद्या वेळी. काळजाकडे जायला पिशवीतून वाटच नाही. पहिले तीन-चार महिने रक्तस्राव वाढतो हे खरं, आणि ते आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून ती काढून घेते. रक्त कमी असलेल्या बाईला तर हे सांगायलाच हवं.

रक्त कमी असलेल्या बाईसाठी ‘अंतरा’ इंजेक्शन अधिक सोयीचं ठरू शकतं. दर तीन महिन्यांनी एक. बीज सुटणं थांबतं आणि पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं. म्हणून पाळी अनियमित होते, पुढे अनेकींची थांबते. ‘मग ते घाण रक्त जातं कुठे?’ हा प्रश्न हमखास येतो. मागावर ताणाच चढवला नाही तर कापड साठेल कुठे? अस्तर वाढलेलंच नाही, त्यामुळे अडकून राहायला आत काही नसतं. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असेल तर दुसरी पद्धत बरी. ‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मली. तिच्यात हार्मोन नाही, म्हणून पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदाच.

साधनं आहेत, फुकट आहेत. पण विड्या देऊन पान-तंबाखू घेण्याची वेळ सकाळची आणि दवाखान्यातल्या ओपीडीचीही सकाळचीच. दर हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर काम करणाऱ्या बाईला एक सकाळ म्हणजे बुडालेला रोज. शिवाय घरात तेलुगू बोललं जातं, अक्कलकोटकडे कन्नड. अंगावरच्या तक्रारी माणूस आपल्या भाषेतच बोलतो. ऊसतोडीचा प्रश्न आणखी वेगळा. बीडहून टोळीबरोबर निघालेल्या बाईने गावात ऑक्टोबरमध्ये अंतरा घेतलं, तर पुढचा डोस जानेवारीत येतो, तेव्हा ती माढ्यात किंवा माळशिरसात फडावर असते. तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत डोस घेता येतो. म्हणजे कार्ड जवळ असेल आणि जवळच्या उपकेंद्रातली सिस्टर ‘तुझं गाव कोणतं’ म्हणून परत पाठवणार नसेल, तर काम होण्यासारखं आहे.

आणि नको असताना दिवस राहिलेच तर मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेण्यात जोखीम आहे. गर्भपात कायद्याने मान्य आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर साधन फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही लागू होतं, आणि सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची लागत नाही.

ऑपरेशननंतरची वर्षं मला अधिक काळजीची वाटतात. नळ्या बांधल्या तरी पिशवी आणि बीजकोश जागेवर असतात, त्यांचे आजारही. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत जास्त जातं. आणि सल्ला मिळतो, ‘मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका.’ बीडमधल्या ऊसतोड बायकांची अशी ऑपरेशनं इतकी पुढे आली की 2019 मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाण्याचं कारण बहुधा जंतुसंसर्ग असतं आणि ते गोळ्यांनी बरं होतं. बीजकोशही काढले तर तिशीत-चाळिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दलचा जगाने मानलेला एक पुरावा तर आपल्या दारातला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर अभ्यास झाला. निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाची हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, आयुष्यात एकदाच. आठ वर्षांत त्या सुमारे 34 हजार जणींपैकी 34 या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या 31 हजारांच्या गटात 64. कारण या रोगाला सवड लागते: विषाणू ठाण मांडून बसल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात, आणि नेमकी तीच वर्षं ऑपरेशननंतरची.

सरकारी केंद्रांत तिशीनंतर दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणीची सोय ठरलेली आहे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात, बिघडलेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या दिसतात. धाराशिवच्या अभ्यासात या पद्धतीने मृत्यू फारसे घटले नव्हते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मात्र 31 टक्के घटले. म्हणजे बघणाऱ्याची नजर आणि पुन्हा पुन्हा बोलावणं, दोन्ही लागतं. तपासणी पाळीच्या दिवसांत होत नाही, पाळी संपल्यावर जावं. संबंधानंतर रक्त दिसत असेल किंवा पाळी कायमची थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा डाग पडत असतील, तर शिबिराची वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात सिव्हिल गाठायचं.