पाठ फळवण्याची वेळ

पाठ म्हणजे अजून एकदाही न व्यायलेली तरुण शेळी. काही भागांत तिला पाट असेही म्हणतात. तिला पहिल्यांदा बोकड कधी दाखवायचा, म्हणजे ती कधी फळवायची, या एका निर्णयावर तिची पुढची सगळी वेतं अवलंबून असतात. साधारणपणे हा निर्णय महिने मोजून घेतला जातो: ‘आठ महिन्यांची झाली, आता चालेल’. प्रत्यक्षात आधी पाहायचे ते वजन, आणि कोकणात वजनाइतकाच महत्त्वाचा आहे पाऊस.

माजावर येणे, म्हणजे बोकडाची ओढ लागणे, आणि गाभ पेलण्याजोगे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगली पोसलेली पाठ पाच ते आठ महिन्यांत पहिला माज दाखवते. बार्बरीसारख्या लहान चणीच्या जाती लवकर माजावर येतात, तर जमनापारीसारख्या मोठ्या जातींना वेळ लागतो. पण त्या वयात तिची हाडे वाढत असतात, कटिभाग रुंद झालेला नसतो. म्हणून नियम असा, की त्या जातीच्या प्रौढ शेळीच्या वजनाच्या ६० ते ७० टक्के वजन भरल्याशिवाय पाठ फळवू नये. आई ३२ किलोची असेल तर लेक किमान २० ते २२ किलोची हवी. ४५ किलोच्या जमनापारीच्या लेकीला हाच नियम लावला तर २७ ते ३१ किलो लागतात. दोघी एकाच दिवशी जन्मल्या, एकाच गोठ्यात वाढल्या, तरी त्यांची वेळ एक नसते. दुधासाठी पाळलेल्या शेळीच्या बाबतीत ७० टक्क्यांकडे झुकलेले बरे.

वाडीवर वजनकाटा नसतो, पण शिंप्याची टेप असते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यावा, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. दोन्ही मापे इंचांत. घेराला घेरानेच गुणून, आलेल्या आकड्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, की अंदाजे वजन किलोत मिळते. घेर २५ इंच, लांबी २३ इंच असेल तर उत्तर येते जवळजवळ २२. माप सकाळी, चरायला सोडण्यापूर्वी घ्यावे. फणसाचा पाला खाऊन टम्म झालेली पाठ संध्याकाळी उगाच मोठी वाटते. शेळी सरळ उभी हवी, मान वर, चारही पाय खाली चौकोनात. अंगावर केस दाट असतील तर टेप अंगाशी नीट बसली पाहिजे, नाहीतर एका इंचाने दोन किलोंचा फरक पडतो.

वजनाबरोबर हाताने अंग चाचपावे. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर तळहात ठेवून बोटांनी दाबले, की कण्याची हाडे लागतात. ती चाकूच्या पात्यासारखी टोचत असतील तर पाठ अशक्त आहे. अजिबात लागत नसतील तर ती चरबीने भरली आहे, आणि अशी पाठ पुन्हा पुन्हा उलटते, म्हणजे गाभ न धरता परत माजावर येते. हाडे लागावीत, पण त्यांवर मांसाचा थर असावा. एक ते पाचच्या मोजपट्टीवर ही अवस्था अडीच ते तीनची. बाजारातून विकत आणलेल्या, वय ठाऊक नसलेल्या पाठीचे तोंड उघडून दात पाहावेत. सगळे दुधाचे बारीक दात असतील तर ती बहुधा वर्षाच्या आतली आहे. मधले दोन दात पडून रुंद पक्के दात आले असतील तर तिने वर्ष ओलांडले आहे.

घाईचे नुकसान व्यायच्या दिवशी दिसते. करडू अडते, हात घालावा लागतो, कधी दोघेही जातात. दोघे वाचले तरी करडू हलके असते, पहिलटकरणीच्या कासेत पुरेसा चीक नसतो, आणि ती त्याला जवळ घ्यायला तयार होत नाही. त्याहून मोठे नुकसान न दिसणारे. गाभाला अन्न द्यायचे की स्वतःची हाडे वाढवायची, या ओढाताणीत तिची वाढ खुंटते. खुंटलेली शेळी पहिल्या वेतात दूध कमी देतेच, पण त्यानंतरही तिच्या बरोबरीच्या शेळ्यांना ती क्वचितच गाठते. पाठ दोन महिने थांबवल्याचा तोटा त्यापुढे काहीच नाही.

कोकणात या हिशेबात पाऊस येतो. शेळीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. त्यामुळे कधी फळवायचे याचे उत्तर कधी व्यायला हवी इथून मागे मोजत काढावे लागते. जुलै ते सप्टेंबर या काळात इथे करडू जन्मणे म्हणजे ओल्या जमिनीवर, दमट हवेत, सतत गळणाऱ्या पडवीत जन्मणे. न्यूमोनिया, हगवण, जंत, खुरांची कुज हे सगळे त्याच महिन्यांत वाढते. चरायला सोडता येत नाही म्हणून आईही अर्धपोटी. हे टाळायचे तर फेब्रुवारी ते एप्रिल बोकड वेगळा ठेवावा. मृगाच्या सरींनंतर कोवळा पाला फुटतो, शेळ्या अंग धरतात आणि आपोआप माजावर येतात. १ जुलैला फळलेली शेळी २८ नोव्हेंबरच्या आसपास विते. तेव्हा भात कापून झालेले असते, जमीन कोरडी, हवा बेताची थंड, आणि डोंगरउतारांवर हिरवे शिल्लक.

अडचण इथेच येते. नोव्हेंबरात जन्मलेली पाठ पुढच्या जूनमध्ये जेमतेम सात महिन्यांची असते. हंगाम हाका मारत असतो आणि अंग भरलेले नसते. ज्या पाठीचे वजन नारळी पौर्णिमेपर्यंत नियमात बसते तिला फळवायला हरकत नाही. बाकीच्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबवावे. १५ ऑक्टोबरला फळलेली पाठ मार्चच्या मध्यावर विते. उन्हाळ्यात चारा आटतो, म्हणून तिच्यासाठी कुळथाचा भुसा, गिरिपुष्प, शेवरीचा पाला आधीच ठरवून ठेवावा लागतो, पण करडू कोरड्यात वाढते. सुबाबूळही चालते, मात्र एकूण चाऱ्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, कारण त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्याचा माजावर वाईट परिणाम होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरही हुकले, तर पुढच्या जूनपर्यंत थांबणे दुधाच्या धंद्यात परवडत नाही. दीड वर्षाची न फळलेली पाठ नुसते खाते आणि चरबी धरते.

सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही या पट्ट्यातली नोंदणी झालेली जात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना नाकपुडीपासून कानापर्यंत गेलेले पांढरे पट्टे ही तिची खूण. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केले आहे. ती या पावसात तग धरते, पण मुख्यतः मांसाची जात आहे आणि दूध बेताचेच. म्हणून दुधासाठी बीटल, सुरती, जमनापारी किंवा सानेनच्या संकराच्या पाठी आणल्या जातात. त्यांना कन्याळचा मापदंड लावून लवकर फळवणे ही नेहमी होणारी चूक आहे. सानेन घेताना आणखी एक पाहावे. जन्मतःच शिंगे नसलेल्या आईबापांच्या पोटी आलेली बिनशिंगी पाठ दिसायला मादी, पण आतून नपुंसक असू शकते. ती कधीच माजावर येत नाही. आईबापांपैकी एकाला तरी शिंगे असावीत.

माज दर १८ ते २१ दिवसांनी येतो आणि एक ते दोन दिवस टिकतो. पाठ सारखी ओरडते, शेपूट भराभर हलवते, थोडी थोडी मुतते, वैरण टाकते. पहिलटकरणींचा माज मुका असतो, सहज नजरेतून सुटतो. बोकड घरात नसेल तर दुसऱ्याच्या बोकडाच्या शिंगांमागे फडके घासून झाकणाच्या डब्यात ठेवतात आणि रोज सकाळी पाठीच्या नाकाशी धरतात. माजावरची पाठ त्या वासाने लगेच शेपूट हलवू लागते. माज दिसल्यावर १२ तासांनी एकदा आणि पुन्हा १२ तासांनी एकदा बोकड दाखवावा. बोकड पाठीचा बाप किंवा भाऊ नसावा. वाडीत एकच बोकड असतो तेव्हा हे हमखास घडते.

नर करडे तीन महिन्यांची झाली की वेगळी करावीत, किंवा खच्ची करावीत. चार-पाच महिन्यांचा बोकड फळवू शकतो, आणि पाठी आपल्याच भावांकडून गाभण राहतात ती याच दुर्लक्षाने. लहान पाठ चुकून लागली, म्हणजे गाभण राहिली, तर वाट पाहू नये. पहिल्या काही आठवड्यांतच पशुवैद्याला दाखवावे.

फळवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक वाढवावा. कोकणची जांभ्याची माती पावसाने धुतलेली, आम्लधर्मी, स्फुरदाची कमतरता असलेली. म्हणून खनिज मिश्रण आणि चाटण वीट इथे चैन नाही. जंताचे औषध फळवण्यापूर्वीच उरकावे, कारण गाभाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल दिले तर गर्भात व्यंग येऊ शकते. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) आणि आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी टोचलेली असावी.

फळवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहावी, आणि तिच्यापुढे २१ वा दिवस व १५० वा दिवस, अशा आणखी दोन. २१ व्या दिवसाच्या आसपास माज परत आला नाही तर पाठ लागली असे धरावे, आणि गोठ्यातल्या माचावर, म्हणजे जमिनीपासून उंच केलेल्या फळ्यांवर, तिच्यासाठी कोरडा कोपरा मोकळा करावा.