कॅमेऱ्याला दस्ता, दस्त्याला चाप

300 मिलिमीटरची लेन्स हातात धरून दहा मीटरवरच्या चिमणीचा फोटो काढायचा आहे. शटर उघडे असताना आपला नेम चिमणीच्या अंगावर अवघा एक मिलिमीटर सरकला, तर 35 मिलिमीटरच्या फिल्मवर प्रतिमा 0.03 मिलिमीटर सरकते. पिसांच्या कडा पुसट व्हायला तेवढे पुरते. आजच्या 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) तर नेम चिमणीवर 0.13 मिलिमीटर सरकला तरी एक पिक्सेल ओलांडला जातो. इकडे धडधाकट माणसाचा हातसुद्धा सेकंदाला 8 ते 12 वेळा थरथरत असतो. 300 ची लेन्स हातात असेल तर शटर 1/300 सेकंदापेक्षा संथ ठेवू नये, हा जुना आडाखा त्यातूनच आला.

लांब नळी दूरच्या बारीक गोष्टीवर रोखून धरायची ही अडचण बंदूकवाल्यांना आधीपासून होती, आणि त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे दस्ता, खांद्याला टेकवायचा मागचा भाग. 1882 मध्ये एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्यांसाठी बंदुकीच्याच घाटाचा कॅमेरा केला. फिरत्या काचेवर तो सेकंदाला 12 चित्रे घेई, प्रत्येक 1/720 सेकंदाचे.

दस्त्याने हाताची थरथर थांबत नाही, तिच्यामुळे होणारा कोन लहान होतो. नुसता कॅमेरा धरताना दोन्ही हातांत सुमारे 15 सेंटिमीटर अंतर असते. एक हात दुसऱ्यापेक्षा एक मिलिमीटर वर गेला, की दहा मीटरवर नेम 67 मिलिमीटर हलतो. मागचा टेकू खांद्यावर आणि पुढचा हात त्याच्यापासून 60 सेंटिमीटर पुढे असेल, तर तेवढ्याच चुकीला तो फक्त 17 मिलिमीटर हलतो. शिवाय वजन लांबवर पसरल्याने सगळा सांगाडा वळायला जड होतो आणि बारीक थरथर त्याला फारशी हलवू शकत नाही. श्वासाचे हेलकावे मात्र खांद्यातूनच येतात, त्यांच्यावर दस्त्याचा इलाज नाही. श्वास सोडून झाला, की पुढचा घेण्याआधीच्या उसंतीत चाप ओढायचा.

या जातीतले सर्वांत प्रसिद्ध यंत्र सोव्हिएत. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातले ‘फोटोस्नाइपर’. दुसऱ्या महायुद्धात त्याची आधीची आवृत्ती लाल सैन्यासाठी बनली. 1965 पासून त्याची एफएस-3 ही आवृत्ती सर्वसामान्यांना मिळू लागली: झेनिट कॅमेरा, ताइर-3 ही 300 मिलिमीटर एफ/4.5 लेन्स, खांद्याचा दस्ता आणि पिस्तुलाची मूठ, सगळे एका पत्र्याच्या पेटीत. त्याच्या चापाची रचना फार हुशारीची आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे भोक, समजा, एफ/8 वर लावायचे (आकडा मोठा, तितके भोक लहान), मग स्प्रिंग ताणून पूर्ण उघडायचे, म्हणजे फोकस करताना चित्र लख्ख दिसते. फोकसचे बटण लेन्सच्या पोटाशी, डाव्या हाताच्या बोटांखाली. चाप ओढला की आधी खिट्टी सुटते आणि अ‍ॅपर्चर एफ/8 पर्यंत मिटते. तसाच पुढे ओढत गेले, की एक दांडा कॅमेऱ्याच्या तळातले बटण दाबतो. हा क्रम बिघडून शटर आधी उडाले, तर फ्रेमवर तिप्पट प्रकाश पडतो. प्रत्येक फोटोनंतर फिल्म पुढे घ्यायची आणि स्प्रिंगही पुन्हा ताणायची. ती विसरली, की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारून येते, आणि नवखा माणूस आकाशात ढग शोधतो.

आज असा दस्ता घरी करता येतो. खेळण्यातल्या बंदुकीचा दस्ता लावायचा मोह मात्र आवरावा. रायफलच्या दुर्बिणीपासून डोळा 8-10 सेंटिमीटर मागे राहिला तरी चालते. कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर डोळ्याला जवळजवळ चिकटलाच पाहिजे, आणि डोळा खांद्याच्या बराच पुढे व वर असतो. त्यामुळे कॅमेऱ्याची बैठक उंच आणि मागे घ्यावी लागते, नाहीतर मान पुढे काढून पाहावे लागते आणि दस्ता खांद्यावरून सुटतो. 40 बाय 20 मिलिमीटरचा चौकोनी अ‍ॅल्युमिनियम पाइप आणि 18 मिलिमीटर प्लायवूडचा खांदा पुरतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून खांद्याला लावून पाहा. कापाकापी नंतर.

लेन्सला ट्रायपॉड कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला जोडायची कडी, असेल तर जोडणी तिथेच करा. तोल तिथे येतो आणि उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा नुसता फिरवता येतो. स्क्रू पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा. कॅमेऱ्याच्या तळाला लावणार असाल तर तो साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाता कामा नये, लांब स्क्रू तळ फोडतो. एकाच स्क्रूवर कॅमेरा गोल फिरतो, म्हणून खाली रबराची चकती द्या.

चापासाठी दोन मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाला लागणारे छोटे स्विच, हवेत. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत बाहेरून शटर दाबण्यासाठी अडीच मिलिमीटरचा जॅक असतो. त्याच्या पिनेचा बुंधा म्हणजे ग्राउंड (दोन्ही स्विचची सामायिक तार), मधली कडी फोकस, टोक शटर. कडी ग्राउंडला टेकली की फोकस, टोक टेकले की फोटो. बाहेरची बॅटरी यात जोडू नये. चापाची पट्टी अशी बसवा, की अर्ध्या दाबाला पहिला स्विच लागेल आणि पूर्ण दाबाला दुसरा. पट्टी कडक झाली तर बोटाचा झटका नेम हलवतो आणि सगळी मेहनत तिथेच जाते. लेन्समधले स्टॅबिलायझेशन, म्हणजे थरथर भरून काढणारी सोय, चालूच ठेवावे. खांद्यावरचा दस्ता म्हणजे ट्रायपॉड नव्हे. होडीतून पक्षी टिपताना, जिथे ट्रायपॉड होडीबरोबर डुलतो, तिथे या जोडीचा खरा उपयोग होतो. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र 1/1000 सेकंदाच्या आसपासचे वेगवान शटर लागतेच.

या अवजाराचा सर्वांत मोठा दोष त्याच्या रूपात आहे. 12 जुलै 2007 रोजी बगदादमध्ये अमेरिकन हेलिकॉप्टरमधल्या सैनिकांनी रॉयटर्सच्या छायाचित्रकाराची टेलिफोटो लेन्स रॉकेट लाँचर समजली. त्या गोळीबारात नमीर नूर-एल्दीन ठार झाले. त्या कॅमेऱ्याला दस्ता नव्हता, फक्त लांब नळी. म्हणून दस्ता काळा ठेवू नका. भगवा किंवा पिवळा रंग द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. दस्ता हे शस्त्र नाही, पण फाटकावरच्या वनरक्षकाला ते लांबून कसे कळणार? तिथे तो सुटा करून पिशवीत ठेवावा आणि विचारायच्या आधी आपणच काढून दाखवावा. स्टेशन, विमानतळ, लष्करी हद्द इथे तो नेऊच नये.