ॲनाफिलॅक्सिस : ओळख आणि तातडीचे उपचार

ॲलर्जीची सर्वांत तीव्र, जिवावर बेतणारी प्रतिक्रिया. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ही संज्ञा वापरली. याच कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

खाडीकाठच्या ठाणे-नवी मुंबईत कोळंबी-चिंबोरी रोजच्या जेवणातली, आणि तीव्र ॲलर्जीच्या ओळखीच्या कारणांपैकी एक. येऊरसारख्या जंगलपट्ट्यात मधमाशीचा दंश, दवाखान्यात प्रतिजैविके, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते डाय ही इतर कारणे. शिरेतून दिलेल्या औषधाने रुग्ण पाच मिनिटांतही कोसळू शकतो. अन्नामुळे बहुधा अर्ध्याएक तासात.

अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे ही लक्षणे सहज दिसतात. ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसुलाचे पाणी लावत बसण्यात मोलाची मिनिटे जातात. घोगरा आवाज, छातीत घरघर, गिळताना अडथळा, वारंवार उलट्या, चक्कर किंवा गार पडलेले हातपाय यांपैकी काही जोडीला असेल तर ते साधे पित्त नव्हे. काही रुग्णांच्या त्वचेवर काहीच उठत नाही. दंशानंतर किंवा इंजेक्शननंतर रक्तदाब अचानक घसरला तरी निदान हेच धरावे.

पहिले औषध ॲड्रेनॅलिन, तेही मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. १ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये (काचेच्या कुपीत) १ मिलिग्रॅम औषध असते. प्रौढाला अर्धी ॲम्प्यूल, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मुलांना वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. आराम नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. एव्हिल (ॲलर्जीविरोधी औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) देऊन वाट पाहण्याची सवय घातक आहे. ही औषधे श्वासमार्गाची सूज किंवा कोसळणारा रक्तदाब वेळेत सावरत नाहीत. त्यांची जागा ॲड्रेनॅलिननंतरची. सोबत ऑक्सिजन आणि शिरेतून भरपूर सलाइन द्यावे लागते.

रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर बसू द्यावे, गर्भवतीला डाव्या कुशीवर. चक्कर येणाऱ्याला जिना उतरवून रिक्षात बसवणे धोक्याचे आहे, कारण अचानक उभे केल्याने हृदयाकडे परतणारे रक्त घटून हृदय थांबू शकते. १०८ ही मोफत रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. मात्र घोडबंदर रस्त्याच्या संध्याकाळच्या कोंडीत लांबच्या मोठ्या रुग्णालयापेक्षा ॲड्रेनॅलिन टोचू शकेल असा कोपऱ्यावरचा डॉक्टर अधिक उपयोगी. पहिला डोस तिथेच देऊन मग कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय गाठावे.

लक्षणे ओसरून काही तासांनी पुन्हा उलटू शकतात, म्हणून तीव्र प्रतिक्रियेनंतर सहा ते बारा तास देखरेख लागते. ॲड्रेनॅलिनचे स्वतः टोचून घेता येणारे तयार पेन भारतात सहज मिळत नाही. काही डॉक्टर घरच्यांना ॲम्प्यूल आणि सिरिंज वापरायला शिकवतात. डिस्चार्ज कार्डावर संशयित औषधाचे किंवा पदार्थाचे नाव ठळक लिहिणे आवश्यक, नाहीतर दुसऱ्या दवाखान्यात तेच इंजेक्शन पुन्हा दिले जाते.