व्हॅक्यूमची नळी बुजवण्याआधी: अ‍ॅडव्हान्स एक नाही, दोन आहेत

जुन्या गाडीच्या इंजिनावर हौसेनं खर्च केलेला असतो. मोठा कार्ब्युरेटर, जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम, पॉइंट (ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. आणि डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या 'डेल्को'च्या, कडेला जी छोटी गोल डबी असते, तिच्याकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात एक स्क्रू कोंबलेला असतो. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "डेल्कोत वजनं आहेत ना, अ‍ॅडव्हान्स होतोच. ही नळी पोल्युशनसाठी होती." अ‍ॅडव्हान्स म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते, क्रँकच्या अंशांत मोजलेलं. ती डबी तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर देते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स १९३०च्या दशकातल्या गाड्यांवरही होता. तेव्हा पोल्युशनचे नियम कुठे होते?

वजनांचं, म्हणजे सेंट्रीफ्यूगल अ‍ॅडव्हान्सचं काम बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते पटकन उरकतो. १००० आरपीएमला क्रँकची एक फेरी ६० मिलिसेकंदांत होते, ३००० ला २० मिलिसेकंदांत. मिश्रण जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात घटत नाही, म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी. वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग ताणल्या जातात, पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, एवढं मात्र विसरू नका. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनांच्या स्टॉपवर (त्यांचा पल्ला जिथे संपतो तिथे) १० कोरलेलं असेल, तर क्रँकवर ते २० अंश होतात.

आता खरा घोळ. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळच्या सपाट रस्त्यावर तुम्ही टॉप गिअरमध्ये आहात, इंजिन २५०० आरपीएमवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकलेला. थोड्या वेळानं खंबाटकी घाट लागतो. आता गाडी तिसऱ्यात, इंजिन पुन्हा २५०० वरच, पण पाय तळाला. वजनांना या दोन्हींत काडीचाही फरक कळत नाही. त्यांना फक्त फेरे समजतात. दोन्हीकडे ती तेवढाच अ‍ॅडव्हान्स देणार, समजा २४ अंश.

सिलिंडरच्या आत मात्र दोन वेगळी जगं आहेत. सपाटीवर थ्रॉटल जेमतेम उघडा आहे, आत थोडीच हवा जाते, तिच्यात मागच्या स्फोटाचा उरलेला धूर मिसळलेला असतो आणि मिश्रणही बहुधा थोडं लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, असतं. अशा विरळ मिश्रणात आग सावकाश पसरते. तिला ४० अंशांच्या आसपास, म्हणजे बरंच आधी पेटवावं लागतं. घाटात सिलिंडर भरगच्च भरतो, आग झपाट्यानं पसरते. तिथे ४० अंश दिले तर इंजिन खडखडायला लागेल, आणि तसंच दामटलं तर पिस्टन जातील. आकडे गाडीगणिक बदलतात, तत्त्व बदलत नाही: वजनं वेग बघतात, व्हॅक्यूम भार बघतो. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. वजनांच्या स्प्रिंग कितीही बदला, शिरवळ आणि खंबाटकी त्यांना सारखंच.

यावर चांगले जाणकारही अडतात. त्यांना वाटतं, पाय दाबला की इंजिन जास्त हवा ओढतं, म्हणजे व्हॅक्यूम वाढतो, म्हणजे ही नळी पिकअपसाठी आहे. नेमकं उलटं आहे. उसाचा रस पिताना स्ट्रॉ बोटानं चिमटून ओढून बघा. रस थोडाच येतो, पण गालांत खड्डे पडतात. चिमटा सोडला की रस भरपूर, गाल सरळ. थ्रॉटल म्हणजे तो चिमटा. तो जवळजवळ बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळांत) पाऱ्याचे १७ ते २१ इंच व्हॅक्यूम असतो, पूर्ण उघडला की जवळपास शून्य. म्हणून घाटात पाय दाबताच व्हॅक्यूमची डबी स्वतःहून माघार घेते आणि फक्त वजनांचा अ‍ॅडव्हान्स उरतो. नळी बुजवून पूर्ण थ्रॉटलला एकही हॉर्सपॉवर वाढत नाही, कारण तिथे ती आधीच गप्प असते. जातो तो सपाटीवरचा अ‍ॅव्हरेज. वर इंजिन जास्त तापतं आणि हलक्या पायाला गाडी मंद वाटते.

नळी मॅनिफोल्डवरून घ्यावी की कार्ब्युरेटरवरून, यावर लोक तासन्‌तास भांडतात. फरक जवळपास फक्त स्लोला, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन नुसतं चालू असताना, आहे. कार्ब्युरेटरवरचं भोक थ्रॉटलच्या बंद कडेच्या किंचित वर असतं, त्यामुळे स्लोला तिथे व्हॅक्यूम नसतो. थ्रॉटल जरा उघडला की दोन्हीकडे सारखाच. कंपनीनं जिथे दिलीय तिथे लावा आणि पुढचं काम बघा. फक्त एसयू कार्ब्युरेटरच्या आतल्या सरकत्या पिस्टनखालून व्हॅक्यूम घेण्याची कल्पना लढवू नका. तिथला व्हॅक्यूम जवळपास स्थिर ठेवणं हेच त्या कार्ब्युरेटरचं तत्त्व आहे. तिथून भाराची खबर मिळणार कशी?

ल्युकासच्या डबीवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ५-१३-१०. पाच इंचांना हालचाल सुरू, तेराला पूर्ण, आणि डिस्ट्रिब्युटरवर दहा अंश, म्हणजे क्रँकवर वीस. दिसायला सारख्या, पण आकडे वेगळे असलेल्या डब्या सर्रास अदलाबदल केल्या जातात. महाबळेश्वरला हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा चारएक इंचांनी कमी, त्यामुळे व्हॅक्यूमही तेवढा कमी दिसतो. उशिरा सुरू होणारी डबी तिथे आणखी आळशी होते.

आता अपग्रेडकडे. जास्त ड्युरेशनच्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ वाढतो. कमी वेगाला जळका धूर इनटेकमध्ये परत शिरतो, व्हॅक्यूम घसरतो, स्लो हेलकावे खातो. या इंजिनाला स्लोला जास्त अ‍ॅडव्हान्स हवा असतो हे खरं. मग मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवून ६ चे १४ अंश करतो आणि स्लो सुधारला म्हणून खूश होतो. पण वजनांचा पल्ला तोच राहिलेला असतो. आधी वरती ३२ अंश मिळत होते, ते आता ४० झाले, तेही पूर्ण भाराखाली. हे मला नळी बुजवण्यापेक्षाही वाईट वाटतं. पाया, म्हणजे स्लोचं टायमिंग, वाढवला तर वजनांचा स्टॉप तेवढाच आखूड करायलाच हवा. आणि अशा कॅमला डबी मॅनिफोल्डवर असेल, तर डळमळत्या व्हॅक्यूमबरोबर टायमिंगही डळमळतं. इथे मात्र नळी कार्ब्युरेटरच्या भोकावर नेणं बरं.

वेबर डीसीओई कार्ब्युरेटरवर सहसा व्हॅक्यूमची जागाच नसते. म्हणून लोक विनाडबीचा "रेसिंग" डिस्ट्रिब्युटर घेतात. ट्रॅकवर पाय कायम तळाला असतो, तिथे तो ठीक. रस्त्यावर चालवायच्या गाडीला तो कशाला? मॅनिफोल्डच्या सगळ्या रनरमधून (सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटांमधून) बारीक नळ्या काढून एका छोट्या डब्यात एकत्र आणल्या, तर झटके मरतात आणि कामाचा व्हॅक्यूम मिळतो. खरं सांगायचं तर अ‍ॅम्बेसिडरच्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनाला रस्त्यासाठी मी वेबर सुचवणारच नाही. चार सिलिंडरना मिळून हेडमध्ये इनटेक पोर्टच दोन आहेत. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारनं याच क्षमतेच्या इंजिनावर दोन एसयू लावले होते, ते पुरे.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलबद्दल एवढंच, की ते पॉइंटची जागा घेतं. अ‍ॅडव्हान्सला ते हातही लावत नाही. वजनांच्या स्प्रिंग ढिल्या असतील तर त्या तशाच राहतात. प्रोग्रॅम होणारे डिस्ट्रिब्युटर वेगळे, आणि त्यांतही भारानुसार बदलणारं टायमिंग हवं असेल तर व्हॅक्यूमची नळी लावावीच लागते.

टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावताना नळी काढून तिचं तोंड बंद करा, ३५०० ते ४००० आरपीएमला वजनांचा पूर्ण अ‍ॅडव्हान्स बघा, जुन्या हेडला साधारण ३० ते ३४ अंशांवर थांबा. मग नळी परत लावा. हे विसरल्यावर अ‍ॅव्हरेज पडतो आणि दोष एसयूच्या, पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या, सुईला दिला जातो. नळी लावून २५०० ला इंजिन स्थिर धरलं की खूण नळीशिवाय दिसत होती त्यापेक्षा डबीवरच्या शेवटच्या आकड्याच्या दुप्पट पुढे जायला हवी. गेली नाही तर इंजिन बंद करा, नळीचं टोक तोंडात धरून ओढा आणि जीभ टेकवा. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. लगेच परत आली तर डायफ्रॅम फाटलंय, आणि मॅनिफोल्डवरून नळी असेल तर तिथून फुकटची हवाही आत जातेय. कार्ब्युरेटर खोलण्याआधी ती डबी बदला.