गाडीवरचं रेडियम आलं कुठून

फेअरिंगवरच्या, म्हणजे बाईकच्या पुढच्या आणि बाजूच्या प्लास्टिकच्या आवरणावरच्या स्टिकरला आपल्याकडे विनाइल कोण म्हणतं? रेडियमच म्हणतात, दुकानावर पाटी पण 'रेडियम आर्ट' अशीच. त्यात रेडियम औषधालाही नसतं. १८९८ ला क्युरी नवरा-बायकोनी शोधलेलं रेडियम पुढे घड्याळाच्या डायलच्या रंगात घालायचे, अंधारात चमकायचं, मग हेडलाइटच्या उजेडात चमकणारी पट्टी पण रेडियम झाली असणार आणि शेवटी अजिबात न चमकणारी सुद्धा. असतं ते पीव्हीसी, मागे गोंद लावलेलं.

आणि फेअरिंग काही शो म्हणून आलं नव्हतं, हवा कापायला आलं. इटलीत मोटो गुझी या बाईक कंपनीने १९५० ला मांडेल्लोच्या कारखान्यात स्वतःचं विंड टनेल बांधलं. त्या काळात पुढचं चाक पण झाकणारं 'डस्टबिन' फेअरिंग रेसमध्ये चालायचं, पण आडवा वारा आला की गाडीच ढकलली जायची, म्हणून १९५७ च्या सीझननंतर एफआयएमने, म्हणजे बाईक रेसिंगच्या जागतिक संघटनेने, ते बंद केलं. चाक उघडं ठेवणारं जे उरलं तेच आजच्या फेअरिंगचा बाप.

आता बाजूला एवढी मोठी जागा रिकामी पडलेली म्हटल्यावर जाहिरातवाले सोडतात होय. ८० च्या दशकात रॉथमन्सची होंडा, मार्लबोरोची यामाहा, सगळा सिगारेटचा पैसा. माझ्या मते स्टिकरने ब्रशला मागे टाकलं ते इथे, कारण रेसची गाडी पडणार, फेअरिंग फुटणार, दुसरं लावायचं, आणि एखाद्या देशात सिगारेटची जाहिरात चालत नाही म्हणून नाव झाकायचं, दर वेळी पेंटर कुठे बसवणार? त्याच दशकात कॉम्प्युटरवर अक्षरं कापणारी मशीन पण आली, ज्याला आपण प्लॉटर म्हणतो.

आपल्याकडे तोवर पेंटरचंच राज्य होतं, बुलेटच्या टाकीवरचे पट्टे तर चेन्नईच्या कारखान्यात हाताने मारायचे. रेडियमवाला नंबर प्लेटवर जगायचा, चार एक चार एक असं जोडून 'दादा' कापून द्यायचा. टाकी, मडगार्ड, सगळं साधं काम. फेअरिंग सर्वसामान्यांच्या हातात आलं ते २००३ च्या हिरो होंडा करिझ्माने, ते पण अर्धं, आणि २००८ ला यामाहाची आर१५ आली तेव्हा पूर्ण.

आणि तिथेच रेडियमवाल्याची परीक्षा सुरू झाली. सपाट पत्र्यावर कुठलीही फिल्म बसते, पण हेडलाइटच्या बाजूचा भाग दोन्हीकडून वळलेला असतो, तिथे चुणी पडतेच. रोलरखाली लाटून केलेली स्वस्त फिल्म ताणून बसवली तरी तिला आपला जुना आकार आठवतो, उन्हात हळूहळू आखडते आणि कडेला गोंदाची काळी रेघ सोडते. पातळ ओतून वाळवलेली कास्ट फिल्म जेमतेम ५० मायक्रॉनची, ती वळणावर बसते पण महाग. आणि दाणेदार काळ्या प्लास्टिकवर काहीच धरत नाही, तिथे पैसे घालवू नका.

माझ्या पिवळ्या करिझ्मावर साताऱ्यात एकाने ज्वाळा मारल्या होत्या. शाम्पूचं पाणी फवारून स्टिकर आधी तरंगत ठेवलं, सरकवून सरकवून जागेवर आणलं, मग पट्टीने मधून बाहेर पाणी काढत गेला, वळणावर हेअर ड्रायर, राहिलेल्या फुग्याला टाचणी. बघायला लय भारी वाटलं. फिल्म मात्र स्वस्तातली होती, आणि हवा ज्या बाजूने येते तीच कड त्याने उघडी ठेवली, दुमडून आत घेतली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात टोकं उठली, त्यात धूळ, वर टाकीवरून ओघळलेलं पेट्रोल.

एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, कंपनीकडूनच यायला लागली, नंबर प्लेटचा धंदा आटला, आता तोच माणूस पूर्ण गाडीला रॅप करतो, मॅट काळ्याला मागणी जास्त. (पूर्ण रंगच झाकणार असाल तर आरसीवर कोणता रंग लिहिलाय ते आधी बघा.)

माझ्या ज्वाळा मी शेवटी हीट गनने सोलून काढल्या, गोंद रॉकेलने पुसला. बाकीचा पिवळा उन्हाने फिका पडलाय आणि खालचा शोरूमसारखा गडद, त्यामुळे स्टिकर जाऊन इतकी वर्षं झाली तरी ज्वाळा अजून दिसतात.