घाम, त्रास आणि पन्नास फूट

'थर्मोपिली' या ग्रीक नावातला 'थर्म' आणि आपला घाम हे चुलतभाऊ. संस्कृतात घर्म, ग्रीकमध्ये थर्मॉस, आणि दोहोंच्या मुळाशी उष्णता. 'पिली' म्हणजे दरवाजे. मध्य ग्रीसमध्ये एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गंधकाचा वास येणारे गरम पाण्याचे झरे, म्हणून हे नाव. झरे आजही वाहतात. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे स्पार्टा या ग्रीक नगरराज्याचे सैनिक इराण्यांशी लढले, त्याबद्दलचा '३०० स्पार्टन विरुद्ध १० लाख' हा मजकूर मात्र झऱ्यांपेक्षाही जोरात वाहतो. दर दोन-चार महिन्यांनी तो माझ्या फोनवर येतो आणि खाली योद्ध्यांच्या 'रक्ता'विषयी एखादं वाक्य असतंच.

आधी आकडे. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून आला. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने त्याच्या लढवय्यांची संख्या २६,४१,६१० दिली आहे, शेवटच्या दहापर्यंत मोजून! आजचे बरेच अभ्यासक एक ते तीन लाखांच्या आसपास थांबतात. समोरचे ग्रीकही फक्त ३०० नव्हते. पहिले दोन दिवस ते सुमारे ७,००० होते. तिसऱ्या दिवशी लिओनिदास राजाचे स्पार्टन राहिले, तसे थेस्पिया या छोट्या गावाचे ७०० जणही राहिले आणि मारले गेले. फॉरवर्डमध्ये त्यांना जागा मिळत नाही.

तरीही सात हजारांनी लाखभर माणसांना दोन दिवस रोखून धरणं ही चक्रावणारी गोष्ट आहे. ती समजून घ्यायला रक्तापेक्षा फ्रेडरिक लँचेस्टर जास्त उपयोगी पडतो. हा इंग्लंडमधला मोटारी बनवणारा इंजिनिअर. १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, त्याने लढाईत माणसं कोणत्या वेगाने कमी होतात याची समीकरणं मांडली. मला ती फार आवडतात, तेव्हा जरा सबुरीने घ्या.

मोकळ्या मैदानात दोन्हीकडचा प्रत्येक जण कुणावर तरी मारा करू शकतो असं धरा. तुमची संख्या दुप्पट झाली की दोन गोष्टी एकदम होतात. माझ्या प्रत्येक माणसावर येणारा मारा दुप्पट होतो. आणि माझा मारा दुप्पट माणसांत वाटला गेल्याने तुमच्या प्रत्येकाच्या वाट्याला निम्माच येतो. दोन गुणिले दोन, चार. म्हणजे बळ संख्येच्या वर्गाने वाढतं. कॅलक्युलस आठवत असेल त्यांनी दोन्ही बाजूंच्या घटीच्या दरांचा भागाकार करून संकलन करून पाहावं: कौशल्य गुणिले संख्येचा वर्ग, अशा दोन राशींमधला फरक लढाईभर बदलत नाही. आठवत नसेल त्यांनी उदाहरण घ्यावं. सारख्याच कौशल्याचे २,००० विरुद्ध १,००० लढले आणि धाकटी बाजू पार संपली, तर थोरल्या बाजूचे किती उरतील? १,००० नव्हे, १,७३२. हजार माणसं मारायला फक्त २६८ खर्ची पडली. हा वर्गनियम.

आता हीच लढाई बोळात आणा. लोकलच्या दारात उभा असलेला माणूस हे गणित न शिकता जाणतो: फलाटावर पाचशे असोत की पाच हजार, एका वेळी दाराशी तिघेच भिडतात. मागची गर्दी मारा करू शकत नाही, फक्त पुढच्याची रिकामी झालेली जागा घेते. दोन्हीकडचे किती पडतील ते प्रमाण आता एकूण संख्येवर ठरत नाही, समोरासमोरच्या कौशल्यावर ठरतं. मघाचे २,००० विरुद्ध १,००० बोळात लढले तर दोन्हीकडचे हजार-हजार पडतात. हा रेषीय नियम, आणि हातघाईच्या जुन्या लढायांना तोच लागू पडतो असं खुद्द लँचेस्टरने म्हटलं होतं.

हेरोडोटस खिंडीची रुंदी पन्नास फूट देतो, साधारण १५ मीटर. ग्रीक सैनिकाच्या गोल ढालीचा व्यास ९० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे आघाडीवर जेमतेम पंधरा-सोळा माणसं. इराण्यांचे भाले आखूड, ग्रीकांचे लांब. शिवाय ग्रीक तुकड्या आळीपाळीने पुढे येत, त्यामुळे कांस्याच्या शिरस्त्राणात उकडून निघालेल्या माणसाला विसावा मिळे. मैदानात एका लाखाशी बरोबरी करायला सात हजारांना दोनशेपट कौशल्य लागलं असतं. खिंडीत ती मागणी चौदापटीवर आली. चौदापटही त्यांच्याकडे नव्हतीच, पण शत्रू संपवायचा नव्हता, वेळ काढायचा होता. मराठी वाचकाला इथे जुलै १६६० ची घोडखिंड आठवणारच. बाजीप्रभूंनाही विजापूरचं सैन्य संपवायचं नव्हतं, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत अडवायचं होतं.

मग शौर्य कुठे गेलं? लँचेस्टरच्या समीकरणांत त्याच्यासाठी अक्षरच नाही. पण त्यांत एक गोष्ट न बोलता धरलेली आहे: पुढची रांग जागेवर उभी राहील. ती फुटली की खिंड ही खिंड राहत नाही. ग्रीक लढायांत हरलेल्यांपैकी बरेच जण रांग मोडल्यावर, पळताना मरत. ढाल डाव्या हातावर अशी बसे की तिचा डावीकडचा भाग शेजाऱ्याला झाके. थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की पुढे सरकणारी प्रत्येक सेना नकळत उजवीकडे घसरते, कारण जो तो भीतीने आपली उघडी उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड दडवू पाहतो. भीतीचं इतकं नेमकं निरीक्षण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. काळीज सगळ्यांचंच धडधडत होतं. त्या धडधडीसकट पंधरा जणांनी एकमेकांना न सोडणं, एवढ्यावर रेषीय नियम टिकून होता.

तिसऱ्या दिवशी एफिआल्तीस नावाच्या स्थानिकाने दाखवलेल्या डोंगरवाटेने इराणी मागून उतरले. मेगिस्तियास या भविष्यवेत्त्याने म्हणे बळीच्या पशूची आतडी पाहून मृत्यू वर्तवला होता. पण शत्रू कोणत्या वाटेने येतोय, हे सांगायला फितूर होऊन आलेले लोक आणि डोंगरावरून धावत आलेले टेहळेच लागले. लिओनिदासने बहुतेकांना परत पाठवलं आणि उरलेल्यांना घेऊन तो खिंडीच्या रुंद भागात आला. गणित बदललं. शेवटी टेकडीवर गोळा झालेल्यांना इराण्यांनी चहूबाजूंनी अस्त्रांनी झाकून टाकलं. १९३९ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी उत्खनन केलं तेव्हा तिथे इराणी धाटणीच्या बाणाग्रांचा ढीग सापडला. मला ती बाणाग्रं म्हणजे वर्गनियमाची मोजदाद वाटते. आज तिथे गेलात तर खिंड दिसणार नाही. स्पेर्खिओस नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे हटलाय आणि पन्नास फुटांच्या जागी सपाट मैदान आहे.

अरिस्तोदेमोस नावाच्या स्पार्टनचे डोळे आले होते, म्हणून तो लढाईआधी मागे राहिला आणि जिवंत घरी परतला. त्याच दुखण्याचा त्याचा सोबती एव्रितोस मात्र नोकराचा हात धरून लढाईत शिरला होता. स्पार्टात अरिस्तोदेमोसशी कुणी बोलेना, चुलीला विस्तवही देईना. त्याला नाव पडलं 'त्रेसास', म्हणजे थरथरलेला. हा शब्द संस्कृतातल्या 'त्रस्' धातूच्या कुळातला, ज्यातून आपला त्रास आला. पुढच्याच वर्षी प्लाटियाच्या लढाईत तो असा तुटून पडला की हेरोडोटसच्या मते सगळ्यांत शूर तोच. स्पार्टनांनी त्याला मान दिला नाही. म्हणाले, हा मरायच्या इच्छेने रांग सोडून पुढे गेला.