२१ जूनला संकल्प तपासायचं हे आलं कुठून

जून अर्धा सरला की स्टेटसवर 'सहा महिने गेले, काय केलंत' छाप पोस्ट सुरू होतात, आणि २१ तारखेला, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून, वही काढून जानेवारीतले गोल, म्हणजे संकल्प, परत बघायचे. मूळ युरोपातलं. तिकडे हिवाळा लांबलचक, जूनच्या उजेडाचं अप्रूप, शेकोट्या पेटवायची जुनी पद्धत, त्यात अलीकडे ध्यान, डायरी वगैरे येऊन मिसळलं. २०१४ च्या डिसेंबरात हाच दिवस योग दिन ठरला, तेव्हापासून आपल्याकडेही तारीख सगळ्यांच्या तोंडी बसली.

आपल्याकडे दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र वगैरे, ते सांगायला नको. खरा घोळ तारखेचा आहे. सूर्य दक्षिणेकडे वळतो २१ जूनला पण बहुतेक पंचांगांत कर्कसंक्रांत, म्हणजे सूर्य कर्क राशीत जाऊन दक्षिणायन लागल्याचा दिवस, १६ जुलैच्या आसपास. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही जवळपास एकाच वेळी व्हायचं, मग पृथ्वीचा आस हळूहळू फिरत राहिल्याने ७२ वर्षांना एक दिवस असं करत फरक चोवीस-पंचवीस दिवसांवर गेला. त्यात रत्नागिरीकडे काही घरांत वेगळंच पंचांग चालतं, राशीचक्र दुसऱ्या ताऱ्यापासून धरलेलं, त्यांची संक्रांत इतरांच्या चारेक दिवस आधी. १९५२ साली केंद्राने पंचांग सुधारायला समिती नेमली, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली आणि तिचा १ आषाढ बरोब्बर २२ जूनला ठेवला. म्हणजे सरकारी महिना आकाशाशी जुळवला, सणवारांची चौकट मात्र जुन्या वळणाचीच राहू दिली. माझ्या मते तिथे कच खाल्ली. ती दिनदर्शिका आज आकाशवाणीवर आणि सरकारी कागदावर सोडून कोण बघतं?

कोकणात तर २१ जूनला सूर्य दिसायचीच मारामार. रत्नागिरीत तो अगदी डोक्यावर येतो मेच्या १० तारखेच्या आसपास आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला, मधले दिवस उत्तरेला, त्यामुळे २१ जूनला चुकून ऊन पडलंच तर दहा फुटी खांबाची भर दुपारची सावली फूटभर आणि तीही दक्षिणेला. पण खांबाकडे बघतोय कोण, आर्द्रा नक्षत्र लागायची वेळ, भाताचा तरवा (रोपं) वर आलेला, लावणीला माणसं मिळत नाहीत. होड्या १ जूनपासून वर ओढून शाकारलेल्या, मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, तेव्हा निवांतपणा असलाच तर बंदरावर जाळी शिवत बसलेल्यांना.

इथे नेम धरायचा दिवस वेगळाच होता, आषाढी एकादशी, जी जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत कधीही येते. कांदा-लसूण सोड, वांगं सोड, रोज एक अध्याय वाच, आणि सगळं कार्तिकीपर्यंतच. वर्षभराच्या गोलपेक्षा हे जास्त टिकायचं, कारण मुदत चार महिन्यांची आणि नेम मोडला की ताट वाढणारीला लगेच कळायचं.